आबांचा उजवा कान

यंत्र बिघडले म्हणजे मनुष्य प्रथम यंत्रावर रागावतो, नंतर ते विकणाऱ्यावर, आणि अगदी शेवटी, तेही क्वचित, स्वतःकडे वळून पाहतो. जुन्या सांगवीत राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र हा क्रम उलटा केला. त्यांच्या घरच्या ग्रामोफोनाची उजवी बाजू मुकी झाली, आणि आपला उजवा कानच गेला असे समजून ते वर्षभर गप्प बसले. ही हकीकत आपल्या शाळेच्या दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्यामुळे आम्हांस कळली. हे गृहस्थ त्याचे आजोबा होत. घरात सर्वजण त्यांस आबा म्हणतात. या लेखात आम्हीही तेच नाव चालवितो.

आबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर पस्तीस वर्षे काम केले. यंत्रांच्या खडखडाटात ज्यांचे दिवस गेले त्यांच्या कानांस थोडा जडपणा येतो, आणि तो आबांसही आलेला आहे. पगारातून जे काही शिल्लक पडे ते तबकड्यांवर खर्च करणे हा त्यांचा एकच छंद. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जावे, भंगाराच्या ढिगापुढे उकिडवे बसून एकेक तबकडी उन्हाकडे तिरपी धरून पाहावी, आणि दोन-चार पसंत करून सायंकाळी सांगवीस परतावे, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. असे संग्राहक महाराष्ट्रात थोडके नाहीत. मुंबईत तर १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची त्यांची संस्थाच स्थापन झाली, आणि तिने जुन्या तबकड्यांविषयी पुष्कळ माहिती छापून ठेविली आहे. आबांस मात्र कोणत्याही संस्थेचा पत्ता नव्हता. ते आणि त्यांची खुर्ची, एवढीच त्यांची संस्था.

कान गेला ही गोष्ट आबांनी कोणास सांगितली नाही. सांगितली असती तर दवाखाना, तपासण्या, श्रवणयंत्र आणि सुनामुलांची काळजी हे सर्व मागून आले असते, आणि ते त्यांस नको होते. येथे पालकांस एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. एका कानाने अकस्मात ऐकू येईनासे झाल्यास एक दिवसही न दवडता वैद्यास दाखवावे. त्या विकारात पहिल्या काही दिवसांतील उपचारच बहुधा उपयोगी पडतात. आबांचा कान शाबूत होता हे त्यांचे नशीब.

उलगडा झाला तो अगदी सहज. चाचणी परीक्षेच्या अभ्यासासाठी नातू एके दिवशी आबांच्या खुर्चीत येऊन बसला. आबा पलंगावर पडले होते आणि सतार व सरोद यांच्या जुगलबंदीची तबकडी चालू होती. थोड्या वेळाने मुलाने विचारले, "आबा, उजवीकडच्या स्पीकरमधून काहीच कसं येत नाही?"

आबा उठून बसले आणि म्हणाले, "तुलाही येत नाही?"

त्या तीन अक्षरी 'तुलाही'त वर्षभराचे दुःख होते, हे मुलास त्या वेळी कळले नाही. परंतु पुढे त्याने जे केले ते शास्त्रास धरून केले, आणि त्याचे श्रेय आम्ही त्यास मोकळ्या मनाने देतो. त्याने ॲम्प्लिफायरच्या मागील डावी व उजवी तार यांची अदलाबदल केली. तत्काळ उजवी बाजू वाजू लागली आणि डावी मुकी झाली. याचा अर्थ, स्पीकर निर्दोष, ॲम्प्लिफायर निर्दोष, आणि आबांचा कानही निर्दोष. नंतर तारा पूर्ववत लावून त्याने एक पायरी मागे अदलाबदल केली, म्हणजे ग्रामोफोनाच्या भुजेतून येणाऱ्या तारा एका लहानशा लोखंडी पेटीत शिरतात तेथे. या खेपेस मात्र मुकेपणा उजवीकडचा हलला नाही. तेव्हा सुई, कार्ट्रिज आणि भुजा यांचीही सुटका झाली. पेटीतून ॲम्प्लिफायरकडे जाणारी तार बदलून पाहिली; फरक नाही. राहिली ती पेटी. एक पैसा खर्च न करता आणि एकही स्क्रू न काढता या मुलाने सहा संशयितांपैकी पाच जणांस सोडवून दिले. नाताळच्या सुटीत ती पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून तो आमच्या नव्या सांगवीतील बिऱ्हाडी घेऊन आला.

आता ही पेटी कशासाठी असते ते सांगितले पाहिजे. तबकडीच्या खाचेस दोन भिंती असतात. तबकडीच्या मध्याकडील भिंतीवर डाव्या बाजूचा नाद कोरलेला असतो आणि बाहेरील भिंतीवर उजव्या बाजूचा. दोन्ही भिंती पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करतात. ॲलन ब्लुमलिन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली या युक्तीच्या हक्कासाठी अर्ज केला, आणि अशा तबकड्या सर्वसाधारण बाजारात येण्यास १९५७-५८ साल उजाडले. खाचेतून धावणारी सुई दोन्ही भिंतींच्या नागमोडीप्रमाणे थरथरते, आणि त्या थरथरीची वीज करणे हे कार्ट्रिजाचे काम. आबांच्या ग्रामोफोनावर आखातात नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने आणून दिलेले 'डेनॉन डीएल-१०३' हे जपानी कार्ट्रिज आहे. एन.एच.के. या जपानी नभोवाणी संस्थेच्या उपयोगासाठी ते १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी तयार झाले. त्यात सुईच्या दांडीच्या मागील टोकास अतिसूक्ष्म तारेची वेटोळी बसविलेली असून ती लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलतात. वेटोळी जितकी हलकी तितकी सुई चपळ, म्हणून तारेचे वेढे अगदी थोडे ठेवावे लागतात. आणि वेढे थोडे म्हणून वीजही थोडी. किती थोडी? सुमारे ०.३ मिलिव्होल्ट. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, त्याचा हा साडेसात लाखावा भागसुद्धा धड नव्हे. ॲम्प्लिफायरास तर निदान तीन-चार मिलिव्होल्ट हवे असतात. मधली ही उणीव भरून काढण्यासाठी त्या पेटीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, एक डाव्या बाजूचा व एक उजव्या.

रस्त्याच्या कडेस खांबांवर बसविलेले रोहित्र मुलांनी पाहिलेलेच आहे. ते ११,००० व्होल्टचा दाब उतरवून ४३३ व्होल्टवर आणते. आबांच्या पेटीतील रोहित्र त्याचेच लहानगे भावंड. मात्र ते दाब चढविते. फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून जे पाहिले तेच तत्त्व दोहींकडे आहे. प्राथमिक वेटोळ्याचे वेढे एकपट, दुय्यम वेटोळ्याचे दहापट, म्हणून ०.३ मिलिव्होल्टचे ३ होतात. दाब दहापट झाला की प्रवाह दशांश होतो, तेव्हा फुकट काही मिळाले असे समजू नये. आणि रोधाचा हिशेब तर दहाच्या वर्गाने होतो: ॲम्प्लिफायरच्या मुखाशी असलेला ४७,००० ओहमचा रोध ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून पाहणाऱ्या कार्ट्रिजास अवघा ४७० ओहमचा भासतो. त्यात कार्ट्रिजाचा स्वतःचा ४० ओहमचा रोध मिळविला तर त्या वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाह सुमारे ०.६ मायक्रोअँपिअर निघतो. दहावीच्या विद्यार्थ्यांनी ओहमच्या नियमाने हे गणित स्वतः करून पाहावे.

हा आकडा आम्ही मुद्दाम दिला, कारण सर्व प्रकरणाचे मर्म त्यात आहे. वर्तमानपत्र सोडताच मुलाने खिशातून मल्टिमीटर काढला. तार तुटली आहे की नाही हे पाहण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग, आणि घरी त्याने तो एकदा लावूनही पाहिला होता. आम्ही त्याचा हात धरला. मल्टिमीटर रोध मोजतो तो स्वतःच्या घटातून दिष्ट प्रवाह सोडून. लहान रोधांच्या पट्टीवर हा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या घरात असतो, म्हणजे कार्ट्रिजातून येणाऱ्या प्रवाहाच्या दीड हजारपटींहून अधिक. या ट्रान्सफॉर्मरचा गाभा निकेल आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचा असतो, त्यात निकेलचा हिस्सा पाऊण भागाहून जास्त. अत्यंत मंद चुंबकत्वासही साद देणे हा या धातूचा गुण, आणि म्हणूनच असा दिष्ट प्रवाह त्यातून गेला तर तो एका दिशेने थोडा चुंबकित होऊन राहण्याचा संभव असतो. मग मंद नाद तो पूर्वीच्या निर्मळपणे वाहून नेत नाही. हाच धातू आपटला अथवा वाकविला तरी त्याचा गुण उणावतो.

तपासणीनेच तपासलेल्या वस्तूस इजा व्हावी, हा प्रकार शिक्षकाच्या धंद्यात अगदीच अपरिचित आहे असे नाही. तोंडी परीक्षेत मागील बाकावरील एखाद्या मंद आवाजाच्या मुलास परीक्षक मोठ्याने प्रश्न विचारतो. मुलास उत्तर येत असते, परंतु त्या आवाजाने ते विरून जाते, आणि गुणपत्रकावर शून्य पडते. मीटरचा काटा काय दाखवितो हे पाहण्यापूर्वी मीटर आत काय सोडतो हे पाहावे, इतके त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्यास पटले. आम्ही ते स्वतःसाठीही टिपून ठेविले. प्रथम सत्राच्या तोंडी परीक्षांचे गुण तेव्हा नुकतेच भरून झाले होते.

मग मोजावे कसे? ज्या भाषेत कार्ट्रिज बोलते त्याच भाषेत विचारावे, म्हणजे मंद आणि उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाने. मोबाइलमधून १,००० हर्ट्झचा स्थिर स्वर घेतला, तो एका साध्या ॲम्प्लिफायरातून नेऊन त्याचा दाब १ व्होल्ट केला, आणि पुढे १,००० ओहम व १० ओहम असे दोन रोधक एकापुढे एक जोडले. १० ओहमच्या दोन टोकांवर जो दाब मिळतो तो १ व्होल्टचा एकशे एकावा भाग, म्हणजे ९.९ मिलिव्होल्ट. हा दाब प्राथमिक वेटोळ्यास दिला. दुय्यम वेटोळ्यास ४७,००० ओहमचा रोधक जोडला, कारण त्या ओझ्यावाचून ट्रान्सफॉर्मर वरच्या स्वरांत उगाच किणकिणतो. आणि शाळेच्या परवानगीने आणलेल्या ऑसिलोस्कोपवर पाहिले. डावीकडे सुमारे ९६ मिलिव्होल्टची सुरेख लाट. दहापटीस जे थोडे कमी पडले ते वेटोळ्यांच्या स्वतःच्या रोधात गेले. उजवीकडे सरळ रेघ.

दोष कोणी केला याविषयी घरात एकमत होते: नदीने. २५ जुलै २०२४ रोजी पुणे परिसरात अतिवृष्टी झाली, धरणांतून पाणी सोडण्यात आले, आणि मुळा व पवना यांच्या कुशीत वसलेल्या जुन्या सांगवीच्या काठच्या घरांत पाणी शिरले. आबांच्या बैठकीच्या खोलीत ते गुडघाभर होते. तबकड्या माळ्यावर चढविल्या गेल्या, पण ही पेटी खालच्या फळीवरच राहिली. पुढे ती उन्हात वाळविली, चार-पाच महिने वाजलीही, आणि हिवाळ्यात उजवी बाजू आधी खरखरू लागून मग गप्प झाली.

पेटी उघडली तेव्हा नदीवरील आरोप पुष्कळसा उणा झाला. गाळाची रेघ पेटीच्या बाहेरून अर्ध्या उंचीपर्यंत होती, परंतु आतील दोन्ही ट्रान्सफॉर्मर धातूच्या डब्यांत मेणाने भरून बंद केलेले असल्याने वेटोळ्यांपर्यंत पाणी गेलेच नव्हते. उजव्या डब्याच्या एका टोकावर मात्र वाळलेल्या सरसाचा एक ढेकूळ दिसला. कारखान्यातून निघालेल्या वस्तूवर असा ढेकूळ नसतो. आबांस विचारता, फार वर्षांपूर्वी ती तार एकदा सुटली होती आणि शहरातील एका कारागिराकडून जोडून आणली होती, असे ते म्हणाले. सरस हळूहळू खरवडला. खाली दुय्यम वेटोळ्याची तार, केसाहून जाड नसलेली, हिरवी पडून जोडाशीच तुटली होती. तांब्याचा तो हिरवेपणा पत्र्याचे डबे झाळण्यासाठी वापरतात त्या आम्लाचा होता. विजेच्या कामात फक्त राळ वापरावी हा नियम तेथे पाळला गेला नव्हता. आम्ल तारेस वर्षानुवर्षे खात बसले होते, आणि पुराच्या ओलीने त्याचे शेवटचे काम उरकले. तेव्हा नदीस सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही. पण मुख्य गुन्हेगार सरसाखाली लपला होता.

दुरुस्ती तशी अर्ध्या तासाची, परंतु तीस दोन दिवस लागले. तुटलेल्या तारेचे जेमतेम चार-पाच मिलिमीटर टोक मेणाबाहेर होते. ते आत तुटले असते तर डबा फोडावा लागला असता, आणि मग आमच्या हातून काही होणे नव्हते. प्रथम कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून हिरवेपणा पुसला, तारेवरील रोगणाचा थर बारीक पॉलिश कागदाने काढला, आणि थोड्या अधिक जाड अशा लवचीक तारेचा तुकडा मध्ये घालून तो राळेच्या सोल्डरने टोकास झाळला. कढत सोल्डरिंग आयर्न तारेवर दोन सेकंदांहून अधिक ठेवावयाचा नाही, असे ठरले होते. सेकंद मोजण्याचे काम मुलाकडे होते आणि तो ते आमच्याहून मोठ्याने करीत होता.

नंतर पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच मंद आवाजात. उजवीकडे सुमारे ९५ मिलिव्होल्ट! मुलाने टाळी वाजविली. आम्ही त्यास सांगितले की एका स्वरास उत्तर आले म्हणजे परीक्षा संपली असे नव्हे. २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत एकेक स्वर देऊन दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. गाभ्याचा गुण गेला असेल तर ते खर्जात दिसते, वेटोळ्यांत बिघाड असेल तर वरच्या टोकास. दोन्ही बाजू शेवटपर्यंत बरोबरीने चालल्या. मग एकच स्वर दोहोंस देऊन लाटा एकाच वेळी वर जातात की एक वर व एक खाली, तेही पाहिले. तारांची उलटापालट झाली असती तर आवाज दोन्हीकडून आला असता, परंतु खर्ज एकमेकांस मारून पोकळ झाला असता आणि गाणारा नेमका कोठे बसला आहे ते कळेनासे झाले असते. शेवटी, घरी एकदा लागलेल्या मीटरचा काही अवशेष उरला असल्यास तो जावा म्हणून २० हर्ट्झचा जोरकस स्वर देऊन तो अगदी हळूहळू शून्यावर उतरविला. प्रत्येक लाट आधीच्या लाटेहून थोडी लहान, असे करीत गाभ्याचा दिशेचा हट्ट मोडतो.

पेटी आबांच्या घरी बसविली तेव्हा भुणभुण सुरू झाली. ॲम्प्लिफायरच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व या संवेदनशील भावंडापर्यंत पोहोचत होते. पेटी दीड हात दूर सरकवून काटकोनात फिरविली, आणि भुणभुण जवळजवळ नाहीशी झाली.

तबकडी लावण्यापूर्वी मुलाने एक खेळ काढला. मोबाइलमधील स्वर चढवीत न्यावयाचा आणि ज्यास ऐकू येईनासे होईल त्याने हात खाली करावयाचा. आमचा हात १३,००० हर्ट्झच्या सुमारास खाली आला. मुलगा १६,००० च्या पुढे गेला. आबांनी ६,००० लाच हात खाली केला, उजव्या कानाने तितकाच आणि डाव्या कानानेही तितकाच. वय आणि कारखाना यांनी जे नेले ते परत येणारे नव्हते. आम्ही हे त्यांस स्पष्ट सांगितले, आणि रीतसर तपासणी करून घेण्याविषयी आग्रह केला. ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही सारखेच ना? मग चालेल. जाईन दवाखान्यात."

नंतर जुगलबंदीची तीच तबकडी लागली. उजवीकडून सतार आली. आबांनी खुर्ची भिंतीपासून ओढून दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये आणली आणि बाजू संपेपर्यंत ते बोलले नाहीत. सुई उचलल्यावर त्यांनी कपाटाच्या खालच्या तीन कप्प्यांतील तबकड्यांकडे बोट दाखविले. गेल्या वर्षभरात ज्या ज्या ऐकल्या होत्या त्या सर्व, क्रमाने, पुन्हा ऐकावयाच्या आहेत असे त्यांनी नातवास बजावले, आणि रोज सायंकाळी एक बाजू याप्रमाणे किती दिवस लागतील त्याचा हिशेबही करावयास लाविले.

पेटी कोठे ठेवावी यावर मात्र थोडा वाद झाला. भिंतीवर २०२४ च्या पाण्याची खूण अद्याप दिसते. मुलाचे म्हणणे, पेटी एकटीच कपाटाच्या माथ्यावर ठेवावी आणि लांब तार ओढावी. ट्रान्सफॉर्मरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार लांबली म्हणजे वरच्या स्वरांचे नुकसान होते, असे आम्ही म्हटले. आबांनी दोघांचेही ऐकून घेतले, अंगणातून विटा आणविल्या, आणि सबंध टेबलच चारही पायांखाली विटा रचून खुणेच्या वर हातभर उचलून घेतले.